दिवाणखान्यातील तळे

दिवसभराची आकडेमोड, लोकलमधील गर्दी आणि फोनची घणघण यांतून सुटून माणूस संध्याकाळी घरी येतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात संथपणे विहरणारे चार रंगीत मासे पाहताना त्याचा थकवा कसा उतरतो, हे ज्याच्या घरी मत्स्यालय आहे त्यालाच ठाऊक! मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांतील मुलांना काचेला नाक टेकवून मासे पाहण्याचा छंद लावला. त्यांतील अनेकांनी पुढे आपल्या घरातच छोटेसे मत्स्यालय थाटले. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट असो, कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार असो की चेन्नईचे कोळत्तूर असो, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मासे घरी नेणारी उत्साही मुले सर्वत्र दिसतात.

या उत्साहाला पहिला तडा कधी जातो, हेही अनेक कुटुंबांना परिचित असेल. हौसेने आणलेल्या पेटीतील पाणी पंधरा-वीस दिवसांत धुरकट दिसू लागते. रविवारी सकाळी सारे घर कामाला लागते. मासे बादलीत काढले जातात. पेटी मोरीत नेऊन घासली जाते, तळाची खडी पाच-सहा पाण्यांनी धुतली जाते आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून कोरा करकरीत केला जातो. मग नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा आत सोडले जातात. दुपारी पेटी आरशासारखी लखलखत असते. मंगळवारी मात्र दोन मासे पाण्यावर निपचित तरंगताना आढळतात आणि आठवडा संपेपर्यंत पेटी रिकामी होते. “आपण तर सगळं स्वच्छ केलं होतं, मग मासे का मेले?” या मुलाच्या प्रश्नाला घरातील मोठ्या माणसांकडे बहुधा उत्तर नसते.

त्या प्रश्नाचे उत्तर सापडले की मत्स्यालयाचे बहुतेक शास्त्र हाती आले असे समजावे. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि माशांना हवी असलेली स्वच्छता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मत्स्यपालनाचा छंद म्हणजे वस्तुतः पाणी सांभाळण्याचा छंद होय. पाणी सांभाळले की मासे बव्हंशी स्वतःला सांभाळतात.

समतोलाचा शोध

घरात मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तळ्यांत आणि पुढे मातीच्या पात्रांत सोनेरी मासे पाळले जात. परंतु काचेच्या बंदिस्त पेटीत मासे दीर्घकाळ जिवंत ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका पात्रात दोन गोल्डफिश ठेवले आणि सोबत व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढुळले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हे निष्कर्ष त्याने १८५० साली प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला.

वॉरिंग्टनच्या प्रयोगातील मर्म आजही तेच आहे. पेटीत एकाचे उच्छिष्ट दुसऱ्याचे अन्न झाले पाहिजे. मात्र या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा त्याच्या डोळ्यांना दिसला नव्हता. तो होता सूक्ष्म जिवाणूंचा.

न दिसणारे सफाई कामगार

मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांवाटेच त्याच्या शरीरातील बहुतांश अमोनिया पाण्यात मिसळतो. त्यात विष्ठेची, न खाल्लेल्या अन्नाची आणि कुजलेल्या पानांची भर पडते. नदीत किंवा मोठ्या तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. दोन फुटी पेटीत मात्र तो साचत राहतो. अमोनिया माशांसाठी जहाल विष आहे. त्याने कल्ले होरपळतात, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघड-मीट करू लागतो आणि अखेर गुदमरतो. पाणी मात्र या काळात काचेसारखे नितळ दिसू शकते, हीच यातील फसगत.

निसर्गाने यावर तोड योजलेली आहे. फिल्टरच्या स्पंजवर, खडीच्या प्रत्येक कणावर, दगडांवर आणि काचेवरही जिवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा हळूहळू तयार होतो. त्यातील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच; ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने सौम्य असते. पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात आणि उरलेले आपण नियमित पाणी बदलून काढून टाकतो. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतातील मातीत पिकासाठी राबणारे आणि आपल्या पेटीत माशांसाठी राबणारे जिवाणू एकाच कुळीचे आहेत.

आता त्या रविवारचा उलगडा होतो. स्पंजवरील जो मळ ‘घाण’ म्हणून नळाखाली पिळून टाकला, त्यातच ही सफाई फौज वस्तीला होती. उरलेली खडीबरोबर धुतली गेली आणि जी तग धरून राहिली तिचा नळाच्या पाण्यातील क्लोरीनने बळी घेतला. क्लोरीनचे काम जंतू मारण्याचेच आहे; उपकारक आणि अपायकारक हा भेद ते करीत नाही. शिवाय माशांच्या नाजूक कल्ल्यांनाही त्याने इजा झाली. अशा रीतीने मासे एका लखलखीत पण निर्जीव पेटीत परत आले आणि दोन दिवसांत स्वतःच्याच अमोनियात गुदमरले.

पहिले सहा आठवडे

नवी पेटी आणली त्याच संध्याकाळी तीत डझनभर मासे सोडणे, ही दुसरी सार्वत्रिक चूक. नव्या पेटीत जिवाणूंची वस्ती नसते आणि ती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात घाई करून चालत नाही. मुदतठेवीचे व्याज ज्याप्रमाणे मुदतीआधी मागता येत नाही, त्याचप्रमाणे पेटीही तिच्या वेळेनेच ‘पिकते’.

पेटी भरून फिल्टर चालू करावा. काही दिवस मासे न सोडता रोज खाद्याची किंचित चिमूट टाकावी, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळू लागतो. एखाद्या मित्राच्या निरोगी, जुन्या पेटीतील वापरलेल्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी मिळाली तर उत्तमच. ते विरजणासारखे काम करते आणि हा काळ बराच कमी होतो. मासे सोडायचे तेही प्रथम दोन-तीन, मग आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने थोडेथोडे. बाजारात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याची संचिका मिळते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की पेटी स्थिरावली असे समजावे. या काळात पाणी काही दिवस दुधाळ झाले, तरी घाबरून सारे पाणी बदलू नये. ते बहुधा आपोआप निवळते.

पेटी आणि पाहुणे

लहान पेटी सांभाळायला सोपी, हा समज अनुभवाच्या कसोटीवर टिकत नाही. थोड्या पाण्यात विष लवकर साचते आणि तापमानही झपाट्याने बदलते. नवशिक्याने निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी घ्यावी. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. काच, खडी आणि पाणी मिळून हे वजन ७० किलोच्या आसपास जाते, म्हणून ती भक्कम आणि समतल स्टँडवरच ठेवावी. तिच्यावर थेट ऊन येऊ देऊ नये. उन्हाने शेवाळ माजते आणि पाणी तापते. विजेच्या तारा पेटीपासून प्लगकडे जाताना मध्ये प्लगच्या खाली झोळ घेतील अशा सोडाव्यात, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकते.

५५ लिटरच्या पेटीत आठ-दहा लहान मासे पुरेत. गप्पी, प्लॅटी आणि झेब्रा डॅनिओ हे मासे काटक असतात. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच गंगेच्या खोऱ्यातील रहिवासी आहे. तांबडा-काळा पट्टा मिरवणारा ‘मिस केरळ’ सह्याद्रीच्या दक्षिणेकडील नद्यांमधला. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘सह्याद्रिया’ असेच नाव दिले. मात्र निसर्गात तो संकटग्रस्त झाला आहे आणि त्याला मोठी पेटीही लागते. घ्यायचाच असेल तर संवर्धन केंद्रात पैदास केलेलाच घ्यावा, नदीतून पकडलेला नव्हे.

काचेच्या गोल भांड्यात एकटा गिरक्या घेणारा गोल्डफिश चित्रात गोंडस दिसतो. प्रत्यक्षात ती त्याची कोंडी असते. गोल्डफिश पुष्कळ खातो, पुष्कळ घाण करतो, वीतभर किंवा त्याहूनही मोठा होतो आणि नीट निगा राखल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो. ‘शुभ’ म्हणून विकले जाणारे अरोवानाचे बोटभर पिल्लू दोन-अडीच फुटांचे होते. पेटी साफ ठेवतो म्हणून आणला जाणारा सकर मासाही फूटभर वाढतो आणि जितके शेवाळ खातो त्याहून अधिक विष्ठा टाकतो.

मत्स्यावताराची कथा घरोघरी ठाऊक आहे. मनूच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा कमंडलूत मावेना, घागरीत मावेना, विहिरीत आणि तळ्यातही मावेना. मनूने त्याला प्रत्येक वेळी अधिक मोठ्या पाण्यात नेऊन सोडले. दुकानात मासा निवडताना ही कथा आठवावी. आज तो केवढा आहे यापेक्षा उद्या तो केवढा होणार, हे आधी विचारावे.

अन्न : प्रेमाची मात्रा

घरातील मासे उपासमारीने क्वचितच दगावतात. बहुधा ते अति लाडाने दगावतात. आजोबा सकाळी चिमूटभर खाद्य टाकतात, आई दुपारी टाकते आणि शाळेतून आलेला मुलगा आल्याबरोबर डबी उघडतो. काचेजवळ कोणी आले की मासे वर येतात, ते भुकेपेक्षा सवयीने. उरलेले खाद्य खडीत जाऊन कुजते आणि अमोनिया वाढतो.

दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. खाद्य देणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी. आठवड्यातून एक दिवस निरोगी, पूर्ण वाढलेल्या माशांना उपवास घडवला तरी चालतो. किंबहुना तो त्यांच्या पचनास आणि पाण्यास हितावहच ठरतो. खाद्याची मोठी डबी स्वस्त पडते खरी, परंतु उघडल्यावर काही महिन्यांत त्यातील जीवनसत्त्वे उतरतात आणि दमट हवेत त्याला बुरशी लागते. म्हणून लहान डबी घ्यावी व ती कोरड्या जागी ठेवावी. पोळीचे तुकडे, ब्रेड किंवा फरसाण यांना पेटीत मज्जाव असावा.

सफाई कशी करावी

मत्स्यालयाची सफाई थोडी-थोडी आणि नियमाने करावी. एकाच दिवशी सर्व काही धुऊन काढू नये. आठवड्यातून एकदा पाण्याचा पाव हिस्सा बदलावा. ५५ लिटरच्या पेटीतून सुमारे १२ ते १४ लिटर पाणी, म्हणजे साधारण एक बादली, काढावी लागते. मासे बाहेर काढण्याची गरज नाही. जाळीत पकडले जाण्याचा ताण त्यांना सफाईपेक्षा अधिक बाधतो.

प्रथम हीटर असल्यास तो बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. हात पाण्यात घालण्यापूर्वी इतर उपकरणांचे प्लगही काढावेत. हात साध्या पाण्याने धुतलेले असावेत; त्यांवर साबणाचा किंवा क्रीमचा अंश नसावा. मग एका रुंद तोंडाच्या पाइपने तळातील खडी उसवत पाणी खाली ठेवलेल्या बादलीत उतरवावे. पाइप तोंडाने ओढण्याऐवजी तो आधी पाण्याने पूर्ण भरून, टोकावर अंगठा दाबून बादलीत सोडावा. खडीत साठलेला मळ पाण्याबरोबर निघून जातो आणि खडी जागच्या जागी राहते. एका वेळी अर्धाच तळ साफ करावा, उरलेला पुढच्या आठवड्यात.

काचेवरील शेवाळ स्वच्छ, वेगळ्या ठेवलेल्या स्पंजने पुसावे. समोरची काच लख्ख करावी. मागची थोडी हिरवट राहिली तरी बिघडत नाही. फिल्टरच्या स्पंजचा प्रवाह मंदावला की पेटीतून काढलेल्या त्याच बादलीतील पाण्यात तो दोन-तीनदा हलकेच दाबावा. मळ सुटतो, जिवाणू टिकतात. पाणी बदलणे आणि स्पंज धुणे ही दोन्ही कामे शक्यतो एकाच दिवशी करू नयेत. अशा वेळी काढलेले थोडे पाणी स्पंजसाठी पुरते. साबण, डिटर्जंट किंवा फिनेल यांचा स्पर्शही पेटीला, बादलीला वा पाइपला होऊ देऊ नये. मत्स्यालयाची बादली वेगळीच ठेवून तिच्यावर तशी खूण करावी, हे उत्तम.

काढलेले पाणी मोरीत ओतण्याऐवजी गॅलरीतील कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच आहे. मात्र पेटीत औषध किंवा मीठ घातलेले असेल, तर ते पाणी झाडांना देऊ नये.

गावोगावचे पाणी

नळाचे पाणी थेट पेटीत ओतू नये. ते बादलीत चोवीस तास उघडे ठेवून, शक्य असल्यास एअर पंपाने हवा सोडून, क्लोरीन उडू द्यावे. घाई असल्यास दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे द्रावण बाटलीवरील प्रमाणानुसार वापरावे. काही ठिकाणी पाणी क्लोरॅमीनने शुद्ध केले जाते. ते नुसते उघडे ठेवून उडत नाही, तेथे हे द्रावणच लागते. नवे पाणी आणि पेटीतील पाणी यांच्या तापमानात जाणवण्याइतका फरक नसावा.

देशभर बदलीच्या निमित्ताने फिरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुंबईच्या तलावांचे पाणी मऊ, तर राजस्थान, गुजरात किंवा दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी क्षारयुक्त. गप्पी आणि मॉली कठीण पाण्यात सुखाने नांदतात, तर बहुतेक टेट्रा मऊ पाण्यात. पाण्याशी झगडण्यापेक्षा गावच्या पाण्याला मानवणारे मासे निवडणे शहाणपणाचे. घरातील आर.ओ. यंत्राचे पाणी शुद्ध म्हणून तेवढेच वापरण्याचा मोहही टाळावा, कारण त्यात माशांना आवश्यक असलेले क्षार फारच थोडे उरतात. तसेच बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी केवळ वरून भरत राहणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाण्याची वाफ होते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

उष्ण कटिबंधातील बहुतेक माशांना २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. मुंबई-कोकणात हीटर बहुतेक काळ बंद राहिला तरी चालते. दिल्ली-लखनौच्या हिवाळ्यात तो अपरिहार्य ठरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा झाकण थोडे उघडून पंख्याचा झोत पृष्ठभागावर सोडावा, हवेचा पुरवठा वाढवावा आणि खाद्य कमी करावे. वीज तासन्‌तास जाते तेथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवावा. फिल्टर फार वेळ बंद राहिला तर माशांप्रमाणेच त्यातील जिवाणूही प्राणवायूवाचून मरतात.

आजाराची चाहूल

रोज खाद्य देताना दोन मिनिटे माशांकडे नीट पाहावे, यासारखी दुसरी तपासणी नाही. पर मिटून कोपऱ्यात बसणे, दगडावर अंग घासणे, अन्नाकडे पाठ फिरवणे, पृष्ठभागाशी धापा टाकणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच प्रथम औषधाची बाटली नव्हे, पाणी तपासण्याची संचिका हाती घ्यावी. बहुतेक वेळा दुखणे पाण्यातच असते आणि पाव ते निम्मे पाणी बदलल्यावर मासे सावरतात.

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो एका परजीवीचा उपद्रव असतो. हा जीव माशाच्या त्वचेखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तो तेथून सुटून पाण्यात पोहू लागला की औषध लागू पडते. म्हणूनच ठिपके नाहीसे होताच औषध थांबवू नये, बाटलीवर सांगितलेली मुदत पुरी करावी. औषध चालू असताना फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा, अन्यथा तो औषधच शोषून घेतो. मुख्य म्हणजे नवा मासा थेट पेटीत न सोडता दोन-तीन आठवडे लहानशा वेगळ्या पेटीत ठेवावा. बाजारातून येणारे बहुतेक रोग नव्या पाहुण्याबरोबरच घरात शिरतात. दुकानातील पिशवीचे पाणीही पेटीत ओतू नये.

सुट्टी, बदली आणि निरोप

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जायचे म्हटले की माशांची चिंता लागते. निरोगी, पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर अन्नावाचून आरामात राहतात. जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी पाणी बदलावे आणि दिवा ठरावीक वेळी चालू-बंद करणारा टाइमर लावावा. अधिक दिवस जायचे असल्यास शेजाऱ्यांवर काम सोपवताना खाद्याची डबी त्यांच्या हाती देऊ नये. कागदाच्या पुड्यांत एकेका वेळचे खाद्य बांधून, वर तारखा घालून ठेवावे. प्रेमळ शेजाऱ्याचा हात सढळ असतो.

बदलीचा प्रश्न अधिक अवघड. जवळच्या शहरी जायचे असेल तर माशांना एक दिवस उपाशी ठेवावे आणि पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश हवा ठेवून त्यांना न्यावे. फिल्टरचा स्पंज पेटीच्या पाण्यात भिजलेलाच न्यावा. तो वाळला तर महिन्यांची पुंजी वाया जाते. प्रवास लांबचा असेल तर मासे परिचितांना, शाळेला किंवा दुकानदाराला द्यावेत.

कोणत्याही परिस्थितीत ते नदीत, तलावात वा विहिरीत सोडू नयेत. ‘मुक्त केले’ या भावनेने केलेले हे कृत्य दुहेरी घात करते. बहुतेक मासे उपासमारीने किंवा शिकार होऊन मरतात आणि जे टिकतात ते तेथील माशांच्या मुळावर येतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकर मासा आज भारतातील अनेक नद्या-तळ्यांत पसरला असून गंगेतही सापडला आहे. त्याच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटतात, बिळांनी काठ ढासळतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. कोणा एकाच्या दिवाणखान्यातून सुटलेल्या हौसेची किंमत अशा वेळी मासेमारीवर पोट असलेल्या कुटुंबांना मोजावी लागते. मेलेला मासाही नाल्यात वा कमोडमध्ये न टाकता कुंडीत खोलवर पुरावा.

निगेचे वेळापत्रक

रोज : माशांची गणती आणि निरीक्षण, तापमानावर नजर, मोजके खाद्य, दिवा सात-आठ तासच.

दर आठवड्यास : पाव हिस्सा पाणी बदलणे, अर्ध्या तळाची खडी उपसणे, समोरची काच पुसणे, कुजकी पाने काढणे.

दर महिन्यास : फिल्टरचा स्पंज पेटीच्याच पाण्यात हलके धुणे, नायट्रेटची तपासणी (ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली असावे), तारा व प्लग पाहणे.

कधीही नाही : सर्व पाणी एकदम बदलणे, साबण वापरणे, एकाच दिवशी अनेक नवे मासे सोडणे, मासे नदी-तळ्यात सोडणे.

एवढ्या कामाला आठवड्यातून अर्धा-पाऊण तास पुरतो. तो नेमाने दिला की पेटी वर्षानुवर्षे चालते आणि तिच्याभोवती घरातील माणसेही जमू लागतात. त्या रविवारी प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या हाती पाइप आणि बादली सोपवावी. स्पंजवरचा तपकिरी मळ का ठेवायचा, भूक दिसली तरी हात का आवरायचा आणि नवा मासा आणायला तीन आठवडे का थांबायचे, हे तो पुस्तकाशिवाय शिकेल. पुढे एखाद्या संध्याकाळी पाणवनस्पतीच्या आडून गप्पीची डोळ्यांएवढीच दिसणारी पिल्ले पोहत बाहेर येतील, तेव्हा ती सर्वप्रथम त्यालाच दिसतील.